हत्यारबंद मुऱ्हाळी

आमच्या घराण्यात सायकलवरून टूर करणारा आजवर एकच माणूस झाला. तो मी. माझ्यानंतर दुसरा होऊ नये, असं घरात एकमताने ठरलेलं आहे.

टूर म्हणजे काही काश्मीर-कन्याकुमारी नव्हे. सुरतेतल्या नवागामातून निघायचं आणि बारडोलीच्या अलीकडे एका खेड्यात पोचायचं, एवढीच. तिथे माझी धाकटी बहीण नंदा दिली होती. तिचे सासरे साखर कारखान्यात होते आणि घर आमच्यासारखंच खानदेशी. आखाजी जवळ आली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खानदेशी माणसांना दिवाळीहून मोठी. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आमरस-पोळी खाऊन सासूचं वर्षभराचं उणंदुणं काढतात. पण लेकीने आपलं आपण यायचं नसतं. तिला न्यायला माहेरचा माणूस जावा लागतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आमच्या घरी या पदासाठी एकच उमेदवार होता, आणि आदल्या वर्षी त्याने ते पद पार धुळीला मिळवलं होतं.

झालं असं, की आखाजीच्या आदल्या दिवशी अख्खी सुरत गावाकडे निघते. उधना, लिंबायत, गोडादरा, भेस्तान, सगळीकडचे यंत्रमागवाले आपापली पोरंबाळं आणि ट्रंका घेऊन रस्त्यावर. मी दिवसभर बसच्या मागे धावलो, एकदा तर बसमध्ये चढलोसुद्धा (गर्दीने मला दुसऱ्या दाराने उतरवलं), आणि नंदाच्या दारात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तिच्या जावेचा भाऊ सकाळीच येऊन बहिणीला घेऊन गेला होता. नंदा सकाळपासून नवी साडी नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसलेली. तिच्या सासूबाईंनी तिन्हीसांजेला लेकीबाळी घराबाहेर काढायला साफ नकार दिला. नंदा त्या आखाजीला आलीच नाही. यंदा तिने वाण्याच्या फोनवर मला एवढंच सांगितलं, "भाऊ, मी साऱ्या गल्लीत सांगून ठेवलंय, माझा भाऊ दुपारच्या आत येईल म्हणून. नाही आलास, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

म्हणून सायकल. बसवर विसंबायचं नाही!

खरं सांगायचं तर सायकलचं खूळ त्याआधीच डोक्यात शिरलं होतं. महिन्याभरापूर्वी एक गोरा माणूस सायकलवरून जग फिरत फिरत आमच्या नाक्यावर पाणी प्यायला थांबला. त्याच्या सायकलला पुढे दोन, मागे दोन पिशव्या. त्याने एक पिशवी उघडली आणि मी बघतच राहिलो. पाने, ट्यूब, आरे, साखळीचे तुकडे, छोटा पंप, तेलाची कुपी, सगळं कसं जागच्या जागी. रात्रभर मला त्या पिशवीशिवाय दुसरं काही दिसलं नाही. माझी सायकल काळी, उंच, दूधवाल्याकडून घेतलेली. पण पिशव्या लावल्या की तीही टूरचीच, अशी मी मनाची समजूत घातली.

इथे माझी पात्रता सांगून टाकतो. आबा, म्हणजे आमचे वडील, मागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. बिघडलेला माग त्यांनी नुसता कान देऊन ऐकला, तरी कुठे दुखतंय ते सांगत. नंदा लहानपणी डबा घेऊन कारखान्यात जायची, ती आबांच्या हाताखाली पाने देत बसायची. मी मात्र लहानपणापासून हत्यारांना घाबरून असायचो आणि मोठेपणी मार्केटात साड्यांचे गठ्ठे बांधायला लागलो. त्यात माझा हात कुणी धरला नसता. मी गठ्ठ्याला एकदा सुतळी मारली, की ती कलकत्त्यापर्यंत ढिली होत नसे. बाकी पाना कुठल्या बाजूने धरतात, ही चौकशीसुद्धा मी कधी केली नव्हती.

पिशव्या बायकोने, शोभाने शिवल्या. मार्केटात छापाची जागा हुकलेल्या साड्या पडून असत, त्यातली एक मी आणली. गुलाबी जमीन, त्यावर ताटाएवढी पिवळी फुलं. "जरा जास्त दिसतंय का?" मी विचारलं. "तुम्ही हरवलात तर शोधायला बरं," शोभा म्हणाली.

मग त्या भरायला घेतल्या. मी एक पाना, एक पंप आणि एक ट्यूब घेतली होती. आबांनी ते बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"इतलंच?"

"आबा, तीस-पस्तीस किलोमीटर तर जायचंय."

"जॉबरना पोऱ्या शेस तू! हत्यारबिगर जाशी?"

आबांचा एक ठाम सिद्धांत होता. पेटीत जी वस्तू नसते, नेमकी तीच मोडते. त्यावर उपाय एकच, सगळंच पेटीत ठेवायचं. त्यांनी माळ्यावरून आपली कारखान्यातली पेटी उतरवली आणि भक्तिभावाने माझ्या पिशव्या भरू लागले. तीन ट्यूब. एक टायर. साखळी. मूठभर आरे. बेअरिंगचे छर्रे. हातोडा. ("हातोडा कशाला?" "टायर काढाले." "टायरला हातोडा?" "तू गप ऱ्हाय.") मागाचा मोठा पाना, जो उचलायला मला दोन हात लागत. आणि सगळ्यात शेवटी जुन्या मागाच्या चामडी पट्ट्याचा एक लांबलचक तुकडा.

"आबा, सायकलला चामडं कुठे लागतं?"

"लागस नही, पन लागी जाई."

पिशव्या टम्म फुगल्या, त्यात मावेना ते मी कॅरिअरवर रचलं आणि माझ्या खास पद्धतीने सुतळीने आवळलं. मागून सायकल गरोदर म्हशीसारखी दिसायला लागली. माय दारात उभी राहून बघत होती. तिने अगदी साधा प्रश्न विचारला.

"का रे, पोर कथी बठी?"

आम्ही तिघांनी कॅरिअरकडे बघितलं. ज्या जागेवर बहिणीला बसवून आणायचं, त्या जागेवर मागाचा पाना बसला होता! पण आता सोडायचं कोण? "येताना बघू," मी म्हणालो आणि टांग मारली. पहिल्यांदा सायकल पुढे गेलीच नाही. पुढचं चाक वर उचललं गेलं. शोभाने हँडल दाबून धरलं, आबांनी ढकललं आणि आमची टूर सुरू झाली.

शहर सुटेपर्यंत सकाळ छान होती. पहिल्या खेड्याशी एका बाईने मला हात केला.

"ओ साडीवाळा! ऊभा रो ने!"

मी मागे बघितलं. साडीवाला कुणी नव्हता. मी होतो. गुलाबी पिशव्या, पिवळी फुलं, कॅरिअरवर सुतळीने मार्केटछाप बांधलेला गठ्ठा! सुरतेहून सायकलवर साड्या घेऊन खेड्यापाड्यांत फिरणारे फेरीवाले असेच दिसत. मी मान हलवून पुढे निघालो, पण ती बाई ऐकेना. तिने आणखी दोघींना हाक मारली, त्यांनी आणखी तिघींना, आणि बघता बघता मला घेराव पडला.

"बेन, साडी नथी," मी माझ्या फाटक्या गुजरातीत म्हणालो.

"नथी तो आ शुं छे?"

"पाना छे. हथोडी छे."

बायका हसल्या. माल चांगला असला की फेरीवाले असंच भाव खातात, हे त्यांना ठाऊक होतं. एक म्हातारी तर माझ्या पिशवीचंच कापड बोटांत घेऊन चोळायला लागली. "आ तो सरस छे. आमां बीजो रंग बताव." शेवटी नाइलाजाने मी पिशवीचं तोंड सोडलं. म्हातारीने आत हात घातला आणि तेलात बुडवलेली साखळी बाहेर काढली. मग जी काही हसाहस सुरू झाली, ती मी पुढच्या वळणावर जाईपर्यंत ऐकू येत होती. (म्हातारी हसत नव्हती. ती माझ्याच पिशवीला हात पुसत होती.)

असे आणखी दोन घेराव मोडून मी कडोदऱ्याच्या जवळ आलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि मागचं चाक फुस्स झालं. मला आनंद झाला! हो, आनंदच. एवढं ओझं आणलं त्याचं चीज होणार होतं. मी सायकल झाडाखाली लावली, गठ्ठा सोडला, सगळी हत्यारं जमिनीवर हारीने मांडली आणि विचार करू लागलो. बराच विचार केला. ट्यूब टायरच्या आत असते, इथपर्यंत मला खात्री होती.

तेवढ्यात झाडाच्या पलीकडून एक माणूस तावातावाने आला.

"ए भाई! ये क्या चालू किया?"

"पंक्चर है," मी म्हणालो.

"वो तो दिख रहा है! अपना धंधा उधर लगाओ, सामने। इस पेड़ के नीचे मेरी दुकान है!"

मी वळून बघितलं. खरंच, झाडाच्या पलीकडे पाण्याचं घमेलं, पंप आणि टांगलेला जुना टायर होता. त्याचा सगळा संसार माझ्या एका पिशवीत मावला असता. मी त्याला समजावलं, की मी धंदा लावायला आलेलो नाही, बहिणीला आणायला चाललोय. त्याने माझा मागाचा पाना बघितला. मग हातोडा बघितला. मग मला बघितलं. "बहन को लाने जा रहे हो कि छुड़ाने?" तो म्हणाला. पंक्चर मात्र त्याने पाच मिनिटांत काढून दिलं, स्वतःच्याच हत्यारांनी. माझ्या हत्यारांना त्याने हातसुद्धा लावला नाही.

पुन्हा सगळं भरलं, पुन्हा बांधलं, पुन्हा निघालो. सूर्य डोक्यावर आला होता. डोळ्यांपुढे ओट्यावर बसलेली नंदा दिसत होती आणि मी जीव खाऊन पेडल मारत होतो. आदल्या वर्षी ती रडली होती की नाही, ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारायला धजलो नव्हतो. यंदा काहीही झालं तरी पोचायचं, असं मी स्वतःला बजावलं, आणि त्याच क्षणी एका खड्ड्यात चाक गेलं.

काड्!

मी उतरून बघितलं. ट्यूब ठीक. टायर ठीक. साखळी, आरे, सगळं शाबूत. मोडलं होतं कॅरिअर! हत्यारांच्या वजनाने कॅरिअरचा एक पाय मुळापासून तुटून लोंबत होता. जी वस्तू पेटीत नसते तीच मोडते, हा आबांचा सिद्धांत शब्दशः खरा ठरला. कॅरिअर तेवढं आम्ही जादा घेतलं नव्हतं.

तिथून पुढची टूर मी चालत केली. एक पिशवी हँडलला, एक गळ्यात, टायर खांद्यावर. नंदाच्या गल्लीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती, पण दिवे लागायला अवकाश होता. नंदा ओट्यावर उभी होती, नवी साडी नेसून. तिचा चेहरा मला दिसला आणि उजळलासुद्धा. मग तिला माझं बाकीचं ध्यान दिसलं. शेजारणी दारादारांत आल्या. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून मला आपादमस्तक न्याहाळलं.

"हाऊ मुऱ्हाळी शे का भंगारवाला?"

सगळी गल्ली हसली. नंदा हसली नाही. तिने खाली मान घातली, आणि एवढ्या उन्हातान्हात पहिल्यांदाच मला खरोखर वाईट वाटलं. माझं हसं झालं त्याचं काही नाही, त्याची मला सवय होती. पण ती दोन दिवस जिच्या-तिच्यापुढे माझी बढाई मारत होती.

मी बिचकत बिचकत म्हणालो, "मावशी, पाणी मिळेल का?"

"पानी?" सासूबाई उसळल्या. "पानी कथी शे? हापसा बंद पडेल शे आठ दिन पासून! मिस्तरी येस येस करस नि येस नही."

अंगणातल्या हापशाचा दांडा हाणला, तर तो नुसता वरखाली होई. गल्लीभर बायका लांबच्या नळावरून हंडे वाहत होत्या. सण तोंडावर, घागर भरायला पाणी नाही. सासूबाई चिडलेल्या होत्या त्या माझ्यावर नव्हे, हापशावर. मी फक्त मध्ये सापडलो होतो.

"इतलं हत्यार लयना ना? मग दख ना जरा!" त्या म्हणाल्या.

गल्ली सरसावून उभी राहिली. मी पाना उचलला. (दोन हातांनी.) हापशाभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग आणखी एक. तिसरी घालणार, तेवढ्यात नंदाने नव्या साडीचा पदर खोचला, माझ्या हातून पाना काढून घेतला आणि हळूच म्हणाली, "भाऊ, बाजूला सर. उलटा धरलायस."

तिने हापशाचं डोकं उघडलं. आतला दांडा उपसला आणि एक चामड्याची चकती काढून सासूपुढे धरली. "आत्याबाई, वायसर कुजलंय. चामडं पाहिजे."

चामडं! मी झडप घालून पिशवीत हात घातला आणि मागाचा पट्टा असा काही बाहेर ओढला, की जणू मला सगळं आधीपासून ठाऊक होतं. नंदाने पट्ट्यावर जुनी चकती ठेवून नवी कापली, तेल पाजलं, हातोड्याने ठोकून बसवली. नट आवळले. दांडा हाणला. पहिल्यांदा हापसा नुसताच खोकला, मग पाण्याची जी धार लागली, ती थेट सासूबाईंच्या पायावर.

गल्लीत एकच गलका झाला. बायका हंडे घेऊन धावल्या. आणि सासूबाई? त्या नंदाकडे बघत होत्या, लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी सून आत्ताच घरात आल्यासारखी. "मन्ही सून शे ती!" त्यांनी शेजारणीला ठणकावून सांगितलं. शेजारणीला ते माहीत होतं, पण त्यांना सांगायचंच होतं. नंदाच्या तोंडावर तेलाचा काळा फराटा ओढला गेला होता आणि ती अशी हसत होती, की मला तिचं लहानपण आठवलं.

आता निघायचं. मी हत्यारं गोळा करू लागलो, तशा सासूबाई आडव्या आल्या.

"थांब. हापसा परत बंद पडना तर?"

"नंदा परत येईलच ना, मावशी."

"येई तवय येई. बहीन लई जाय, नही ते हत्यार लई जाय. दोन्ही नही!"

मी नंदाकडे बघितलं. नंदाने कॅरिअरकडे बघितलं. आणि एका क्षणात दोन्ही प्रश्न सुटले. हत्यारं राहिली सासरी, आणि कॅरिअर मोकळं झालं! तुटलेला पाय मी सुतळीने बांधला. मार्केटातली सगळी विद्या पणाला लावली, आडवे वेढे, उभे वेढे, वर कलकत्त्याची गाठ. नंदा बसली. कॅरिअर कुरकुरलं, पण हललं नाही. सासूबाईंनी तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि दिवेलागणीच्या आत आम्ही गल्लीबाहेर पडलो.

परतीच्या वाटेवर खिशात एक छर्रासुद्धा नव्हता. आणि काय सांगू, पंक्चर नाही, साखळी उतरली नाही, खड्डे तेच होते पण चाक त्यांना चुकवून जात होतं. नंदा मागे बसून आखाजीची गाणी म्हणत होती आणि मध्येच हसत होती.

घरी पोचलो. मायने भाकर ओवाळून टाकली, नंदाला पोटाशी धरलं, दोघी रडल्या. आबा मात्र सायकलभोवती फिरत होते.

"मन्हं हत्यार कथी शे?"

"सासूबाईंकडे गहाण ठेवून मला सोडवलं भाऊने," नंदा म्हणाली.

आबांनी वाकून कॅरिअर बघितलं. सुतळीवरून बोट फिरवलं. "इतलं हत्यार दिधं, नि काम सुतळीनी करं," एवढंच बोलले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या लोखंडी गर्डरला झोका मीच बांधला आणि नंदाने त्यावर मनसोक्त झोके घेतले. आबांनी गाठ तपासली आणि काही बोलले नाहीत. आमच्या घरी याला शाबासकी म्हणतात.

पुढच्या वर्षी आखाजीच्या चांगले पंधरा दिवस आधी वाण्याकडे फोन आला. नंदाच्या सासूबाईंचा निरोप, यंदा मुऱ्हाळी लवकर धाडा! मी छाती फुगवली. वाण्याला सांगितलं, गल्लीला सांगितलं, मार्केटातसुद्धा सांगितलं, की सासरचे लोक माझी वाट बघत बसलेत. मग फोनवर नंदा आली.

"भाऊ, फार फुगू नकोस. हापशाचा दांडा मोडलाय, तो माझ्याच्याने होणार नाही. आत्याबाई म्हणतात, 'आबाले धाडा. तू नही ऊना तरी चाली.'"

पण मुऱ्हाळीचं पद मी सोडतो की काय! गेलो. नव्या कॅरिअरवर यंदा एकच हत्यार घेतलं, आबा. सुतळीने आवळलं नाही एवढंच. आणि नवागामापासून थेट हापशापर्यंत ते हत्यार मागून मला सांगत होतं, की मी पेडल चुकीचं मारतोय.